वाळत घातलेली वाट

हॉटेलच्या मॅनेजरने चादर काउंटरवर पसरली, खिशातून रुमाल काढून नाकाला लावला आणि तो दोन पावलं मागे सरकला.

"वास घ्या," तो म्हणाला.

थोरलीने वास घेतला नाही. चादर पिशवीतून बाहेर आली तेव्हाच तिला तो आला होता. तिचं नाक गल्लीत नावाजलेलं होतं. शर्टाच्या कॉलरवरून ती सांगू शकायची, की या माणसाने सिगारेट खरंच सोडली आहे की फक्त बायकोला तसं सांगितलंय. सांगायची मात्र नाही, कारण नवरा-बायको दोघंही गिऱ्हाईक.

"पाहुण्यांनी खोली बदलून मागितली," मॅनेजर म्हणाला. "म्हणाले, या पलंगावर कुणीतरी... आता मी काय सांगू तुम्हाला!"

"नका सांगू. परत धुऊन देते."

"ही परत धुतलेलीच आहे. मागच्या खेपेची."

थोरलीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लाँड्री सुरू केल्यापासून तिच्या दुकानातून मळकी चादर बाहेर गेली नव्हती, आणि तीच चादर दोनदा परत येणं म्हणजे नाक कापल्यासारखंच होतं.

लाँड्री दोघी जावांची. थोरली पन्नाशी ओलांडलेली, उंच, हाडापेराने मजबूत, बोलणं बेतास बात. धाकटी तिच्यापेक्षा बरीच लहान, बुटकी, गोल, आणि तोंडाला खळ नाही. थोरलीचा नवरा इस्त्री करायचा. त्याला गल्लीतले सगळे दादा म्हणत. धाकटीचा नवरा बोटीवर होता. सुट्टीवर घरी आला की दोन दिवसांत कंटाळायचा आणि बादल्यांतल्या पाण्याकडे टक लावून बसायचा.

पुढे काउंटर, मागे इस्त्रीची खोली, तिच्यामागे लांबलचक अंगण. अंगणाच्या एका टोकाला झाडांनी गच्च भरलेला चढ होता. तिथलं एक जुनं झाड भिंतीवरून आत वाकलं होतं. दुसऱ्या टोकाला बंद पडलेल्या दवाखान्याचं आवार होतं, आणि त्यात बाभळी माजलेल्या. थोरलीने दोऱ्या एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत बांधल्या होत्या आणि मध्ये लोखंडी खांबांचे टेकू दिले होते. हॉटेलच्या चादरी संध्याकाळी दोरीवर जात आणि उजाडताना उतरत.

त्या दिवशी तिने चादर उजेडात धरली. वरच्या काठाला, जिथे ती दोरीवर दुमडली जाते तिथे, ओळीने पिवळट डाग होते. नाण्याएवढे.

"तुझा बोका," ती म्हणाली.

"माझा राजा?" धाकटी उसळली. "राजा दोरीवर चालतो? तो धड पायरीवर चढत नाही, वहिनी! खाऊन खाऊन उशी झालीय त्याची."

"मग कुणी केलं हे?"

"तुमच्या त्या नव्या साबणाला विचारा. स्वस्त आहे म्हणून आणलात ना? पहिल्या दिवशीच मी म्हटलं होतं, याला मेलेल्या माशाचा वास येतो."

साबणावरून गोष्ट सासूबाईंच्या काळातल्या एका पातेल्यापर्यंत गेली आणि तिथून पुढे दोघी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. आता सगळी बोलणी इस्त्रीच्या टेबलावरून व्हायची. दादा मध्ये उभे, डावीकडे एक, उजवीकडे एक.

"अहो, त्यांना सांगा, स्टार्च संपलाय."

"दादा, त्यांना सांगा, कपाटात आहे. डोळे उघडून बघितलं तर दिसतो."

"डोळे उघडून" हे शब्द दादा गाळायचे. तरी ते पोचायचेच, कारण थोरली हातभर अंतरावर उभी असायची.

या टपालगिरीला दादाच आधी कंटाळले. भांडण मिटवायचा त्यांना एकच मार्ग दिसला, तो म्हणजे गुन्हेगार शोधायचा. त्यांनी पांढऱ्या कपड्यांची नीळ वाटीत घट्ट कालवली, त्यात चिंधी बुडवली आणि संध्याकाळी सगळ्यात वरची दोरी तिने पुसून काढली. तिच्यावर मध्ये मध्ये जागा सोडून चादरी टाकल्या, हॉटेलच्या नाहीत, घरच्या विटक्या. बायकोला काही बोलले नाहीत. बोलले असते, तर नीळ वाया घालवली म्हणून त्यांनाच वाळत घातलं असतं.

सकाळी दोघी जावा आपापल्या दारातून अंगणात आल्या आणि आपापल्या जागी थबकल्या.

चादरींच्या काठावरून निळे ठसे गेले होते. चढाकडच्या झाडापासून निघून, अंगण ओलांडून, थेट बाभळीपर्यंत. थोरलीने चष्मा लावला. धाकटी जवळ आली, आणखी जवळ आली, आणि अबोला साफ विसरून तिने थोरलीचा दंड पकडला.

"वहिनी, हा हात आहे."

हातच होता. बाळाच्या हाताहूनही लहान. एकीकडे आडवा पसरलेला अंगठा, दुसरीकडे बोटं. त्यातलं अंगठ्याशेजारचं बोट नुसतं ठिपक्याएवढं, जणू करायचं राहून गेलेलं. दादांनी शेजारचा कपड्यांचा चिमटा काढला आणि ठशावर धरून पाहिला.

"असा धरतो तो दोरी," ते म्हणाले. "चिमट्यासारखी."

"बोक्याला अंगठा नसतो," धाकटी म्हणाली. मग जरा मोठ्याने, दवाखान्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, "बोक्याला! अंगठा! नसतो!"

"ऐकलं," थोरली म्हणाली. "साबणसुद्धा ठीक आहे, हे तेवढं तू म्हण."

"साबण वाईटच आहे. पण हे त्याचं काम नाही."

तेवढ्यावर तह झाला.

त्या संध्याकाळी तिघं उलट्या घातलेल्या टबांवर बसून राहिली. दादांच्या हातात टॉर्च, तिच्यावर लाल पातळ कागद गुंडाळलेला, कारण भक्क उजेडात काहीच येणार नाही असं त्यांना वाटत होतं. आकाशात अजून थोडा जांभळा रंग होता, तेवढ्यात चढाकडच्या झाडात दोन नारिंगी ठिणग्या पेटल्या. विझल्या. परत पेटल्या.

ठिणग्यांमागून एक डोकं आलं. गोल, मांजराच्या पिल्लाएवढं, आणि त्यात डोळेच डोळे. उरलेल्या जागेत नाक आणि कान कसेबसे मावले होते. डोळ्यांभोवती गडद वर्तुळं, पाठीवरून एक काळपट पट्टा. शेपूट जवळजवळ नव्हतंच. त्याने दोरीवर एक हात ठेवला आणि मग बराच वेळ दुसरं काहीच केलं नाही.

"मेलं काय?" धाकटीने कुजबुजत विचारलं.

दुसरा हात आला. मग एक पाय. प्राणी दोरीवर आला, पण दोरी हलली नाही. एखादी गोष्ट ओतावी तसा तो पुढे सरकत होता.

"हे चालतंय की विचार करतंय?" धाकटी म्हणाली.

"गप. दोन्ही करतंय. तुलाही जमलं तर बघ."

अंगणाच्या मध्यावर तो थांबला. त्याने एक हात खाली नेला, त्यावर लघवी केली, तो हात पायाला चोळला, मग दुसरा हात, दुसरा पाय. सगळं निगुतीने, घाई न करता. आणि ओल्या हातांनी थोरलीची दोरी घट्ट धरून पुढे निघाला.

थोरली टबावरून उठली. "हात धुतोय!" ती दातांतून म्हणाली. "माझ्या दोरीवर! कशाने, तर..."

पुढचं धाकटीच्या हसण्यात बुडालं. ती तोंडात पदर कोंबून हसत होती आणि टब तिच्याखाली ढमढम वाजत होता.

दुसऱ्या दिवशी दादांनी वनखात्याच्या कचेरीत फोन केला. तिथल्या माणसाने सगळं ऐकून घेतलं, विशेषतः नीळ, आणि एका बाईंचा नंबर दिला. बाई दुपारच्या आत आल्या. खडखडणारी स्कूटर, गुडघ्यापर्यंत चिखल, कपाळावर दिवा बांधायचा पट्टा तसाच विसरलेला. या चढावरचे निशाचर प्राणी हाच त्यांचा अभ्यास होता. धाकटीने त्यांचं नाव तिथल्या तिथे लोरिसबाई ठेवलं, कारण त्या तो शब्द दर वाक्यात वापरत.

"लोरिस! मंदगती लोरिस! मला कधीपासून कोडं होतं," त्या निळ्या ठशांवर जवळजवळ नाक टेकवत म्हणाल्या. "दवाखान्यातल्या बाभळींच्या साली खरवडलेल्या दिसायच्या. डिंक खाल्लेला. म्हणजे लोरिस तिकडे जातात. पण जातात कसे? त्यांना उडी मारता येत नाही. माकडं मारतात, हे नाही. एका फांदीवरून दुसरी हाताला लागली तरच पुढे. मध्ये फांदी नसली, की संपलं त्यांचं जग."

"मग खाली उतरून जायचं," धाकटी म्हणाली.

"या चालीने? कुत्री आहेत, मांजरं आहेत, गाड्या आहेत. खाली उतरलेले फार जगत नाहीत. पूर्वी हा चढ आणि त्या बाभळी म्हणजे एकच रान होतं. मग घरं झाली, अंगणं झाली. कोरड्या दिवसांत किडे कमी होतात, तेव्हा डिंकावरच भागवायचं, आणि डिंक तर पलीकडे." त्यांनी वर बोट दाखवलं. "आता वाट एवढीच. तुमची दोरी."

थोरलीने दोरीकडे पाहिलं. ती खुश झालेली दिसली नाही.

"आणि ते हात धुणं?"

"पकड चांगली बसत असावी. आणि वाटेवर आपला वास राहतो. मी इथून गेले, मी अमुक, हा रस्ता बरा आहे, असं सगळं त्यात येतं. तुम्ही दोऱ्या पुसत तर नाही ना?"

"रोज पुसते."

"अरेरे," लोरिसबाई म्हणाल्या. "म्हणजे बिचाऱ्यांना रोज नव्याने लिहावं लागतं."

त्यांना हे फार गमतीचं वाटलं. थोरलीला वाटलं नाही. त्याच सकाळी मॅनेजरचा फोन आला होता, की आणखी एक चादर अशी निघाली तर तो दुसरी लाँड्री बघेल. हॉटेल गेलं तर मागे राहणार होते शाळेचे गणवेश आणि दोन सलूनचे टॉवेल.

"बाई, तुमचा प्राणी गोड आहे," ती म्हणाली. "पण त्याच्यावर आमचं पोट चालत नाही. मी दोऱ्या झाडांवरून सोडणार. खांबापासून खांबापर्यंत बांधीन, झाडाला हात लागणार नाही अशा."

"मला थोडे दिवस द्या. मी जाड दोर आणते, उंचावरून बांधू. फक्त त्यांच्यासाठी."

"आणा ना. मी कुठे नाही म्हणते? पण चादरी उद्या जायच्या आहेत."

लोरिसबाईंनी हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. धाकटी "वहिनी, वहिनी" करत राहिली. थोरलीने शिडी लावली, स्वतः चढली आणि दोन्ही झाडांवरच्या गाठी सोडल्या. वरच्या दोरीचं वेटोळं करून तिने ते कोपऱ्यात टाकलं. उद्या धुवायचं म्हणून.

संध्याकाळी ती धाकटीबरोबर इस्त्रीच्या खोलीत घड्या घालत बसली. मागचं दार उघडं होतं. उकाड्यामुळे, असं ती म्हणाली.

दोन ठिणग्या नेहमीच्या वेळेला आल्या. लोरिस फांदीच्या टोकापर्यंत आला आणि त्याने हात पुढे केला. तिथे दोरी नव्हती. त्याने हात मागे घेतला, हुंगला, पुन्हा पुढे केला. जरा डावीकडे, जरा उजवीकडे. अंधारात दिव्याचं बटण चाचपावं तसं. मग पायांनी फांदी धरून तो सबंध लांब झाला आणि दोन्ही हातांनी हवा चाचपू लागला.

थोरलीच्या हातातली चादर घडी न होता तशीच राहिली.

"अहो, त्याला समजत कसं नाही? नाहीये तिथे काही."

"काल होतं," दादा म्हणाले, आणि इस्त्री फिरवत राहिले.

लोरिसने बराच वेळ तसा घालवला. मग तो वळला, आणि थोरलीने सुटकेचा श्वास टाकला; पण तो झाडात परत गेला नाही. खोडावरून खाली आला. डोकं खाली, पाय वर, एकेक पकड सोडत. भिंतीवर, भिंतीवरून अंगणात. जमिनीवर तो आणखीच विचित्र दिसत होता, जणू सगळे पाय दुसऱ्याकडून मागून आणलेत.

टबांच्या मागून राजा उठला.

पायरी चढायला ज्याला जड जायचं तो बोका पोट जमिनीला लावून सरसर निघाला. धाकटीने तोंडावर हात नेला. लोरिस पळाला नाही. पळणं त्याला माहीतच नव्हतं. तो मागच्या पायांवर बसला आणि त्याने दोन्ही हात डोक्यावर नेऊन धरले. सापासारखा फूत्कार निघाला. हात वर गेले तेव्हा तिघांनाही दिसलं, की पोटाच्या केसांत आणखी एक डोकं आहे. लिंबाएवढं. त्यालाही डोळेच डोळे.

"अगं बाई, ही आई आहे," धाकटी म्हणाली.

थोरली तोवर अंगणात पोचलीही होती. जन्मात कधी न शिवलेला बोका तिने मानगुटीला धरून उचलला आणि काखेत मारला. राजाने तिच्या हातावर चार ओरखडे काढले. तिने त्याला असा दम भरला, की त्याने पाचवा काढला नाही.

लोरिस अजून हात वर करून बसली होती. दोघींमध्ये दोन पावलांचं अंतर. थोरली हलली नाही. शेवटी एक हात खाली आला, मग दुसरा. लोरिस पुढे निघाली आणि थोरली तिच्याबरोबर, काखेत बोका घेऊन. अंगणातून अशी वरात याआधी कधी गेली नसेल. लोरिस एक पाऊल टाकायची, थांबायची, थोरली थांबायची. गल्लीत कुत्रं भुंकलं की थोरली त्या दिशेला तोंड करून "हाड!" म्हणायची, पण हळू आवाजात, लोरिस दचकू नये म्हणून. या दोघी पलीकडे पोचेपर्यंत दादांच्या दोन चादरी इस्त्री करून झाल्या.

दवाखान्याची भिंत गुळगुळीत होती. लोरिसने तिला हात लावून पाहिला, आणि पुन्हा ते हवा चाचपणं सुरू झालं.

"बोका धर," थोरली म्हणाली. धाकटीने राजाला घेतलं. थोरलीने दोरी उचलून धरायचा बांबू आणला, त्याचं एक टोक लोरिससमोर ठेवलं आणि दुसरं वर बाभळीच्या फांदीला टेकवलं. बांबू घसरत होता, म्हणून दोन्ही हातांनी तो घट्ट धरून उभी राहिली. लोरिसने बांबू हुंगला. एक हात ठेवला. मग सावकाश, बाळासकट, थोरलीच्या नाकासमोरून ती वर गेली. निम्म्यावर थांबली. हात धुतले.

बांबूवरून एक ओघळ खाली आला आणि थोरलीच्या मनगटावरून बाहीत शिरला.

"वहिनी, सोडा की बांबू!" धाकटी हसू दाबत म्हणाली.

"पडेल ती," थोरली म्हणाली.

लोरिस बाभळीत दिसेनाशी झाल्यावर तिने हात धुतला. मग कोपऱ्यातलं वेटोळं उचललं.

"अहो, शिडी आणा. तिला परत जायचंय ना. बाळ घेऊन पुन्हा अंगणातून जाईल काय?"

दादांनी शिडी आणली. गाठी मारताना थोरली एकच वाक्य बोलली, तेही दोरीशी. "आज धुवायची राहिली ते बरं झालं."

पुढे लोरिसबाई जाड काथ्याचा दोर घेऊन आल्या. तो उंचावरून, मधल्या खांबाच्या टोकाचा टेकू देऊन, झाडापासून झाडापर्यंत ताणला. खालच्या दोऱ्या खांबांपुरत्या राहिल्या. जुनी वरची दोरी तेवढी नवा दोर अंगवळणी पडेपर्यंत ठेवायची ठरली. त्या दोरीवर चादर टाकायला बंदी, म्हणून थोरली उरलेल्या दोऱ्यांवर चादरी दाटीवाटीने घालून कुरकुरत होती. लोरिस नव्या दोराकडे यायची, हुंगायची आणि जुन्यावरून जायची.

"आठवडे लागतात," लोरिसबाई म्हणाल्या. "दुसरीकडे मी पाहिलंय. धीर धरावा लागतो."

धीर थोरलीकडे नव्हता. हॉटेलने परत केलेली ती चादर तिने कपाटातून काढली, चिंध्या फाडल्या आणि शिडीवर चढून थोड्या थोड्या अंतरावर नव्या दोराला गुंडाळल्या. न धुता. जन्मभर लोकांचा मळ काढलेल्या बाईला घाण जपून ठेवताना पाहून धाकटीला राहवलं नाही.

"वहिनी, साबण लावू का थोडा?"

"तुझ्या तोंडाला लाव."

दोन-तीन दिवसांनी लोरिस नव्या दोरावरून गेली. चिंध्यांमुळे गेली, की तशीही जाणारच होती, हे आपल्याला सांगता येणार नाही, असं लोरिसबाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं. थोरलीने ऐकून घेतलं. तिच्या मनात शंका नव्हती.

चादरी स्वच्छ जाऊ लागल्या तेव्हा मॅनेजर स्वतः आला. धाकटीने त्याला सगळी कथा साभिनय सांगितली, लोरिससारखे दोन्ही हात वर करून. मॅनेजरचे डोळे चकाकले.

"अहो, हे मी मोबाइलवर पाहिलंय! गुदगुल्या केल्या की हात वर करतात. असला एक लॉबीत ठेवला तर? मोठा काचेचा पिंजरा, आत झाडबिड. पाहुणे वेडे होतील. तुमच्याकडे दोन आहेत ना?"

लोरिसबाई दोराच्या गाठी तपासायला आलेल्या होत्या. त्या शिडीवरून खाली उतरल्या.

"गुदगुल्या नसतात त्या," त्या म्हणाल्या. "कोपराशी ग्रंथी असते. हात वर करून तिथला रस चाटायचा आणि चावायचं. विष आहे ते. तो प्राणी घाबरून गेलेला असतो आणि लोक हसत असतात. घरात पाळायचे म्हणून विकणारे त्याचे दात आधीच काढून टाकतात. नखं कापायच्या कटरने. आमच्या बचाव केंद्रात असे येतात. जबडा सुजलेला, डिंक खरवडता येत नाही. त्यांना पुन्हा कधी रानात सोडता येत नाही."

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्याने नकळत आपल्याच गालावर हात ठेवला.

"तिचा दिवस म्हणजे तिची रात्र," थोरली म्हणाली. "तुमच्या लॉबीत दिवसभर झगझगाट. तुम्हाला कुणी झोपेतून उठवून, दात काढून, दाराशी बसवलं, आणि वर म्हटलं हसा, तर?"

"मी आपलं सहज बोललो," मॅनेजर म्हणाला.

"मीही सहजच बोलले. चादरी मोजून घ्या."

तो गेला. पण पुढच्या खेपेला चादरींबरोबर त्याने जुन्या, विरलेल्या चादरींचं गाठोडंही पाठवलं. दोराला लागतील म्हणून. शिवाय हॉटेलच्या मागच्या बाजूचे झगझगीत दिवे त्याने उतरवले. त्यांचा झोत थेट चढावर पडायचा, आणि ते लोरिसबाईंनी त्याला बोलता बोलता ऐकवलं होतं.

धाकटीला तर कामच मिळालं. दुपारी ती गल्लीतल्या घराघरांतून फिरू लागली. जिथे अंगणामुळे रान तुटलं होतं, तिथे एकेक दोर. कुणी म्हणालं, आमच्या छपरावर घाण होईल. त्याला ती म्हणाली, होईलच, पण फार सावकाश. कुणी म्हणालं, आमचं कुत्रं भुंकेल. त्याला तिने आपल्या राजाची गोष्ट सांगितली, थोडी वाढवून. बोलून बोलून तिने लोकांना दमवलं, आणि दमलेले लोक हो म्हणाले. राजा संध्याकाळी आत बंद राहू लागला. दाराशी बसून तो थोरलीकडे असा पाहायचा, जणू तिच्याकडूनच बाहेर जायची परवानगी मिळते हे त्याला कळलंय.

पिल्लू मोठं झालं. आधी ते आईच्या पोटाला असायचं. मग आई त्याला बाभळीच्या दुबेळक्यात ठेवून डिंक खायला जायची, आणि ते तिथे मुकाट बसून राहायचं. पिल्लं अशीच फांदीवर ठेवून जातात, लोरिसबाई म्हणाल्या. काळजी करू नका. थोरली म्हणाली, मी कुठे करतेय. आणि दिवे मालवण्याआधी एकदा बाभळीकडे बघून यायची.

वरून काही पडू नये म्हणून चादरी आता संध्याकाळऐवजी सकाळी दोरीवर जात. अशाच एका सकाळी त्या घालायला ती अंगणात आली आणि हातातली बादली तिने आवाज न करता खाली ठेवली.

मधल्या खांबाच्या टोकाला, जिथे दोराभोवती चिंध्यांचा जाड बोळा झाला होता, तिथे लोकरीच्या गुंड्यासारखं काहीतरी होतं. डोकं पोटात, हात पायांत, पाय दोराला पक्के. पिल्लू एकटंच निघालं असणार, निम्म्यावर दमलं किंवा घाबरलं असणार, आणि उजाडलं म्हणून आहे तिथेच झोपलं. आई चढाकडच्या झाडात, फांदीच्या टोकाशी मुटकुळं करून बसली होती. तिचा एक डोळा अर्धवट उघडा होता.

धाकटी बाहेर आली. थोरलीने ओठांवर बोट ठेवलं आणि वर दाखवलं. धाकटी गप्प बसली. दादांनी ही गोष्ट पुढे पुष्कळ जणांना सांगितली. लोरिसबद्दल लोक विश्वास ठेवायचे, पण धाकटी गप्प बसली यावर ठेवत नसत.

दोऱ्या त्याच खांबाला होत्या. चादर टाकली की खांब हलायचा. थोरलीने ओल्या चादरींच्या ढिगाकडे पाहिलं, वर पाहिलं, मग ती आत गेली, दार लोटलं आणि तिने हॉटेलला फोन लावला.

"मॅनेजरसाहेब, आज चादरी मिळणार नाहीत."

पलीकडून बरंच काही बोलणं झालं. हॉटेल भरलेलं आहे, पाहुणे येतायत, असं काहीबाही.

"दोरीवर लेकरू झोपलंय," थोरली म्हणाली. "ते उठलं की घालते."

"कधी उठेल?"

"अंधार पडल्यावर."

मग मॅनेजरने घसा साफ केला आणि हळू आवाजात, जणू फोनमधूनही जाग येईल अशा बेताने, विचारलं, "पडणार नाही ना?"

"पकड चांगली आहे," थोरली म्हणाली, आणि ओल्या चादरी पिळून गच्चीच्या कठड्यावर कितपत मावतात ते बघायला वर गेली.